थेट सरपंच अधिक 11 सदस्य: छाननीत पॅनेलचे अर्ज उडू नयेत म्हणून आधी काय काय तपासायचं?

चावडीवरचा_शिपाई

गावची लोकसंख्या तीन ते साडेचार हजारांच्या मधली, म्हणजे 11 सदस्य, त्यात 6 जागा महिलांच्या. चार वॉर्ड. मागची बॉडी जानेवारी 2021 ला निवडून आलेली, तेव्हा सरपंच सदस्यांतून झाला होता. या वेळी थेट. पॅनेल उघडउघड महाविकास आघाडीचं आहे. ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं, पण गावात कोण मशालीचा आणि कोण तुतारीचा हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

समोरच्यांकडे पैसा आहे आणि तालुक्यात ओळख आहे. मतदानात त्यांना भिडता येईल, भीती आहे ती छाननीची. सरपंचपदाचाच अर्ज बाद झाला तर पॅनेलला तोंड उरत नाही. थेट सरपंच ही फडणवीस सरकारची 2017 ची देणगी, सगळी अंडी एकाच टोपलीत.

विचारायचं ते असं:
1) उमेदवार ठरवण्याआधी कोणकोणते कागद बघायचे?
2) समोरच्यांच्या अर्जावर हरकत घ्यायची तर कशी आणि कधी?
3) एक उमेदवार 24 वर्षांचा आहे आणि एका ताईंचा जातीचा दाखला माहेरच्या नावाने आहे. या दोघांचं काय?

---

नमुना_आठ

दादा, आधी वेळेचा अंदाज घ्या. 2020 चा कार्यक्रम आठवा. घोषणा 11 डिसेंबरला, अर्ज 23 ते 30 डिसेंबर. त्यात 25, 26, 27 सुट्टी, म्हणजे हातात खरे दिवस पाच. छाननी 31 ला, माघार 4 जानेवारीला दुपारी तीनपर्यंत, मतदान 15 ला. शेवटच्या दिवशी अर्ज भरलात तर चूक दुरुस्त करायला एक रात्रही मिळत नाही. म्हणून पॅनेलचे सगळे अर्ज दुसऱ्या दिवसापर्यंत आत गेले पाहिजेत. त्या वेळी ऑनलाइन यंत्रणा इतकी अडकली की आयोगाला शेवटच्या टप्प्यात कागदी अर्ज घ्यायची मुभा द्यावी लागली. असा दिलासा दर वेळी मिळेल हे धरून चालू नका.

आता कागद. ग्रामपंचायत अधिनियम 1958, कलम 14. पाठ करण्यासारखं आहे.

थकबाकी, 14(1)(ह). घरपट्टी किंवा पाणीपट्टीचं रीतसर बिल बजावल्यापासून तीन महिन्यांत भरलं नाही तर अपात्रता. नामनिर्देशनासाठी ठरलेल्या दिवसाआधी भरलं असेल तर वाचता. खरी मेख पुढे आहे: एकत्र हिंदू कुटुंबात एकाने थकवलं की सगळे अपात्र. त्यामुळे उमेदवाराच्या नावावरची पट्टी भरून भागत नाही. वडिलांच्या, आजोबांच्या, मयत चुलत्याच्या नावावर अजून चालू असलेल्या मिळकती नमुना 8 (ग्रामपंचायतीची कर आकारणी नोंदवही) मधून काढा, नमुना 9 (कर मागणीची नोंदवही) मध्ये बाकी बघा, सगळी भरा आणि नमुना 10 च्या पावत्या फाइलला लावा. ‘थकबाकी नाही’ एवढा दाखला पुरेसा समजू नका. त्यात मिळकत क्रमांक नसेल तर तो कुठल्या घराबद्दल आहे हे कुणालाच सांगता येत नाही. पावतीवर तो असतो.

तिसरं अपत्य, 14(1)(ज-1). 12 सप्टेंबर 2001 नंतर झालेल्या अपत्यामुळे संख्या दोनच्या वर गेली तर अपात्र. त्या तारखेआधीच तीन-चार होती आणि नंतर वाढली नाहीत तर चालतं. पहिलं एक मूल आणि दुसऱ्या बाळंतपणात जुळी झाली तर ती जुळी एकच धरतात. लोक एक पळवाट सांगतात, की तिसरं मूल नातेवाइकाला दत्तक देऊन टाकू. उपयोग नाही. ओडिशाच्या एका सरपंचाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्येच सांगितलंय की दत्तक दिल्याने आपलं अपत्य कमी होत नाही.

अतिक्रमण, 14(1)(ज-3). गायरान, गावठाणातली मोकळी जागा, रस्त्यात आलेला ओटा. ‘ते वडिलांनी केलंय, मी नाही’ हा बचाव 2018 च्या जनाबाई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मानला नाही. कुटुंबाने केलेल्या अतिक्रमणात तुम्ही राहत असाल, त्याचा उपभोग घेत असाल, तर तुम्हीही अपात्र. सर्वांत जास्त सरपंच माझ्या मते इथेच अडकतात, कारण घर बांधताना कुणी मोजणी करून घेत नाही. नमुना 8 मधलं क्षेत्र आणि जागेवरचं बांधकाम टेप लावून ताडून पाहा. गोठा आणि संडासाची टाकी विसरू नका, जागा तिथेच वाढलेली असते.

शौचालय, 14(1)(ज-5). शौचालय आहे आणि ते नियमित वापरतो असा दाखला. कायद्यात ग्रामसभेच्या ठरावाचा उल्लेख आहे, म्हणून दाखल्यावर ठराव क्रमांक आणि तारीख आली आहे का ते बघा. नुसतं ‘दाखला देण्यात येतो की’ असेल तर लिहून घ्या.

ठेका, 14(1)(ग). ग्रामपंचायतीच्या कामात किंवा करारात स्वतःचा अथवा भागीदारामार्फत हितसंबंध. टँकर, मुरूम, पथदिव्यांचं साहित्य. ग्रामपंचायतीच्या पगारावर असलेला माणूसही चालत नाही.

---

मंडपवाला_56

वरच्यात एक राहिलं आणि तेच सगळ्यात फसवं. कलम 14ब. मागच्या निवडणुकीत पडलेल्या उमेदवाराने खर्चाचा हिशोब दिला नव्हता का, ते बघा. निकालानंतर 30 दिवसांत हिशोब द्यावा लागतो, बिनविरोध आलेल्यानेही आणि पडलेल्यानेही. पडलेला माणूस हार घालायला येत नाही तसा हिशोब द्यायलाही जात नाही. मग जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश निघतो, पाच वर्षांपर्यंत अपात्र. नोटीस आलेली असते, ती घरच्या कपाटात पडून राहते. तहसीलमध्ये अशा अपात्रांची यादी असते, ती मागून घ्या आणि आपल्या बारा नावांवरून बोट फिरवा.

खर्चाचं म्हणाल तर 2017 पासूनच्या फेऱ्यांत 11 ते 13 सदस्यांच्या गावात सदस्याला 35 हजार आणि थेट सरपंचाला 1 लाख अशी मर्यादा होती. अनामत सर्वसाधारणला 500, राखीवला 100 रुपये. निवडणुकीसाठी वेगळं बँक खातं लागतं, ते आत्ताच काढा. कार्यक्रम लागला की प्रत्येक बँकेत तीच रांग असते.

24 वर्षांच्या पोराचं: 1 जानेवारी 1995 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्याला किमान सातवी पास असावं लागतं. आधी हे सरपंचापुरतं होतं, डिसेंबर 2020 मध्ये आयोगाने सदस्यांनाही लागू केलं. पदवी असली तरी सातवी उत्तीर्ण असल्याचा कागद किंवा त्यावरच्या इयत्तेचं प्रमाणपत्र जोडा. निर्णय अधिकाऱ्याला तुमच्या हुशारीवरून अंदाज बांधायला लावू नका. वयाची अट 21 पूर्ण, अर्जाच्या शेवटच्या तारखेला. हा मुलगा त्यात बसतो.

---

कमळाकडचा

पक्ष वेगळा असला तरी कागदाला पक्ष नसतो, म्हणून लिहितो. पण आधी एक टोला. थेट सरपंचाला नावं ठेवताय, तर 2020 मध्ये तुमच्याच सरकारने ती पद्धत रद्द केली होती. राज्यपालांनी अध्यादेशावर सही केली नाही, मग फेब्रुवारीत विधिमंडळात विधेयक आणून केलं. त्यातून काय साधलं? सदस्यांना सहलीवर न्यायचं, फोन काढून घ्यायचे आणि मतदानाच्या सकाळी थेट ग्रामपंचायतीच्या दारात गाडी उभी करायची. जुलै 2022 ला आमच्या सरकारने थेट निवड परत आणली हे बरंच झालं. निदान घोडेबाजार तरी थांबला.

आता कामाचं. ताईंचा जातीचा दाखला माहेरच्या नावाने असणं हा दोष नाही. जात वडिलांकडून येते, त्यामुळे तो तसाच असतो. अडचण नावांची साखळी जोडण्याची. मतदार यादीत सासरचं नाव, दाखल्यात माहेरचं, आधारवर तिसरंच स्पेलिंग. म्हणून विवाह नोंदणी दाखला किंवा नावबदलाचं राजपत्र जोडा. अर्जात नाव मतदार यादीत जसं आहे तसंच लिहा, काना-मात्रेसकट.

राखीव जागेला जात वैधता प्रमाणपत्र लागतं, कलम 10-1अ. ते हातात नसेल तर अर्ज भरण्याआधी पडताळणी समितीकडे प्रस्ताव दाखल केल्याची पोच आणि ‘मुदतीत प्रमाणपत्र देईन’ असं हमीपत्र जोडावं लागतं. मुदत सहा महिने की बारा, हे वेळोवेळी बदलत आलंय, त्या कार्यक्रमासोबतची तरतूद वाचा. एक लक्षात ठेवा: ही मुदत बंधनकारक आहे असं उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने 2016 मध्ये म्हटलं आणि 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. समितीने उशीर केला, माझी काय चूक, हे कुणी ऐकत नाही. त्या निकालाने कोल्हापूर महापालिकेतल्या नगरसेवकांपासून गावोगावच्या सदस्यांपर्यंत खुर्च्या हलल्या. शेवटी सरकारला कायद्यात बदल करून मुदत वाढवावी लागली. निवडून आल्यावर गुलाल धुतला की पहिलं काम समितीचा पाठपुरावा.

---

चावडीवरचा_शिपाई

आभार, कमळाकडचे असूनही. थेट निवडीने घोडेबाजार थांबला म्हणता, पण सरपंच एका बाजूचा आणि सदस्यांचं बहुमत दुसऱ्या बाजूचं आलं की पाच वर्षं मासिक सभेत कोरमचीच मारामारी. घोडे तेच, बाजार उपसरपंचाच्या निवडीत भरतो.

हरकतीचं कुणी सांगेल का? समोरच्या सरपंचपदाच्या इच्छुकाचं तिसरं अपत्य 2004 चं आहे, असं अख्खं गाव म्हणतं.

---

वकिलीण_बाई

गाव म्हणतं याला छाननीच्या टेबलावर किंमत शून्य. तिथे होते ती संक्षिप्त चौकशी. निवडणूक निर्णय अधिकारी साक्षीपुरावे घेत बसत नाही, समोरचा कागद बघतो आणि त्याच दिवशी निर्णय देतो. म्हणून हरकत लेखी, दोन प्रतींत, एकीवर पोच घेऊन द्यायची आणि सोबत तिन्ही मुलांच्या जन्मनोंदीचे उतारे लावायचे. तिसऱ्याचा एकटाच दाखला दिला तर ‘हे दुसरंच अपत्य’ असं म्हणायला समोरच्याला जागा राहते. आई-वडिलांची नावं तिन्हीवर जुळली पाहिजेत. जन्म आजोळी झाला असेल तर नोंद त्या गावच्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत असते. शाळेचा दाखला जोडीला ठेवा, पण भिस्त जन्मनोंदीवर.

हे कागद कार्यक्रम लागल्यावर मिळत नाहीत. माहिती अधिकारात उत्तराला 30 दिवस असतात आणि अख्खा कार्यक्रम तेवढ्यात आटोपतो. दहा रुपयांचं तिकीट लावून अर्ज आजच टाका. प्रती दोन रुपये पानाने मिळतात. प्रती प्रमाणितच मागा. झेरॉक्सवर हरकत फेटाळली गेली तर अधिकाऱ्याला दोष देता येत नाही.

उलट बाजूनेही सावध राहा. किरकोळ चुकीवर अर्ज बाद करता येत नाही, दोष महत्त्वाचा असावा लागतो. पण कोरा रकाना, राहिलेली सही, न जोडलेलं घोषणापत्र हे किरकोळ ठरेलच असं धरू नका. घोषणापत्रात मालमत्ता किंवा गुन्हे नसतील तिथे ‘निरंक’ लिहा, रेघ मारू नका. मतदार यादीतला अनुक्रमांक लिहिताना बहुतेक जण विधानसभेच्या यादीतला टाकतात. ग्रामपंचायतीची यादी त्याच नावांवरून, पण वॉर्डवार फोडलेली असते. त्यातला क्रमांक वेगळा असतो, तोच हवा.

छाननीत निर्णय विरुद्ध गेला तर मध्येच कोर्टात धाव घेऊन निवडणूक थांबत नाही, राज्यघटनेच्या अनुच्छेद 243-ओ ची आडकाठी आहे. मग निकालानंतर 15 दिवसांत दिवाणी न्यायाधीशांकडे कलम 15 खाली अर्ज.

---

मंडपवाला_56

म्हणजे 15 दिवस गेले की तिसऱ्या अपत्याचा विषय संपला?

---

वकिलीण_बाई

नाही. या दोन वाटांची सगळीकडे गल्लत होते. कलम 15 म्हणजे निवडणूकच चुकीची झाली ही तक्रार: अर्ज बेकायदा बाद केला, मतमोजणी चुकली वगैरे. तिला 15 दिवसांची दोरी. कलम 16 म्हणजे हा माणूस सदस्य राहायलाच पात्र नाही. निवडीच्या वेळी अपात्र होता किंवा नंतर झाला, दोन्ही चालतं, आणि तिथे जिल्हाधिकाऱ्यांकडे जायचं. त्याला 15 दिवसांची अट नाही. जिल्हाधिकारी संबंधिताला म्हणणं मांडायची संधी देतात, गटविकास अधिकाऱ्यांकडून अहवाल मागवतात आणि कायद्याप्रमाणे 60 दिवसांत निर्णय अपेक्षित असतो. त्यावर 15 दिवसांत अपील, जे विभागीय आयुक्तांकडे चालतं.

व्यवहारात वेळ खातो तो गटविकास अधिकाऱ्यांचा अहवाल. ‘अतिक्रमण आढळून येत नाही’ असं मोघम वाक्य त्यात येऊन बसतं. ते टाळायचं तर पंचनाम्याच्या वेळी हजर राहा, भूमी अभिलेखची मोजणी मागा आणि नकाशा जोडायचा आग्रह धरा. नकाशावर हद्दीच्या बाहेर गेलेलं बांधकाम लाल रेघेत दिसलं की मोघम वाक्याला जागा राहत नाही.

आणि दादा, तुमच्या पॅनेलनेही हे वाचून ठेवा. तिसऱ्या अपत्याची हरकत टाकणाऱ्याच्याच घराचा ओटा रस्त्यात असतो, हे प्रत्येक तालुक्यात घडतं. समोरच्याने आजपर्यंत तो विषय काढला नाही, कारण तुम्ही त्याच्या वाटेला गेला नव्हता.

---

नमुना_आठ

डमीबद्दल कुणी बोललं नाही. सरपंचपदाला आणि प्रत्येक राखीव जागेला दुसऱ्या माणसाचा डमी अर्ज भरा, तोही त्याच प्रवर्गातला, पूर्ण कागदांसह. डमी म्हणून कुणाचाही अर्ज भरतात आणि मग मूळ बाद झाल्यावर कळतं की डमीकडे पडताळणीची पोचच नाही. डमी एकाच घरातला नको. थकबाकी किंवा अतिक्रमणावर मूळ उडाला तर सख्खा भाऊही त्याच फटक्यात जातो.

डमीने माघार घ्यायची ती छाननीनंतर, मूळ अर्ज वैध यादीत नावानिशी दिसल्यावरच. माघारीची नोटीस सही करून आधीच खिशात द्यायची पद्धत आहे, ती बंद करा. समोरच्याने तो कागद मिळवला तर मूळ अर्ज बाद आणि डमीही मागे, असा खेळ होतो.

---

कमळाकडचा

हा शेवटचा सल्ला शत्रूपक्षाला फुकट दिलात, नमुना_आठ. असो.

मतदार यादीचं एक. आयोग ग्रामपंचायतीसाठी नवी नावं घेत नाही. ठरलेल्या तारखेची विधानसभा यादी उचलून ती वॉर्डात फोडतात. प्रारूप यादीवर हरकत घेता येते ती एवढ्यावरच: नाव चुकीच्या वॉर्डात गेलं, लिहिण्यात चूक झाली, किंवा विधानसभेच्या यादीत असूनही इथे आलं नाही. उमेदवार वॉर्ड 2 चा मतदार असून वॉर्ड 4 मधून उभा राहिला तरी चालतं, मात्र त्याचं नाव गावच्या यादीत हवं. नोकरीसाठी पुण्याला नाव हलवलेला पोरगा पॅनेलमध्ये घेतला असेल तर आधी यादी उघडा.

---

चावडीवरचा_शिपाई

यादी उघडली. 24 वर्षांच्या पोराचं नाव दोन वॉर्डांत आहे, फोटो एकच.

---

वकिलीण_बाई

प्रारूप यादीची मुदत चालू असेल तर आजच लेखी हरकत देऊन राहत्या वॉर्डातली नोंद सोडून दुसरी वगळायला सांगा, आणि विधानसभेच्या यादीतूनही एक नाव कमी करण्यासाठी नमुना 7 भरा. पोच जपून ठेवा. अर्जात राहत्या वॉर्डाचाच अनुक्रमांक लिहायचा.